मेक आणि इन्स्टॉल यांच्या मधली पायरी

आज एखादी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे सर्वांना खुला असलेला तयार कोड, बसवायची तर ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ एवढं टाइप करायचं, की काही सेकंदांत काम झालं (पिप हा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा इन्स्टॉलर, नमपाय ही तिची गणिताची लायब्ररी). पूर्वी त्याच कामाला चार कमांड लागायच्या: कॉन्फिगर, मेक, मेक चेक, मेक इन्स्टॉल. पहिली मशीन तपासायची, दुसरी सोर्स कोड कंपाइल करायची, म्हणजे माणसानं लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करायची, चौथी फाइली जागच्या जागी नेऊन ठेवायची. चाचण्या चालवणारी तिसरी कमांड मात्र आता बहुतेकांच्या हातून सुटली आहे, आणि मला सर्वांत जास्त आस्था तिच्याबद्दल आहे.

ती तिथे आली कारण त्या काळात प्रत्येकाचं युनिक्स (ही ऑपरेटिंग सिस्टिम) वेगळं होतं. 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ हे ‘कॉन्फिगर’ तयार करून देणारं साधन लिहिलं ते याच त्रासातून. कोड लिहिणाऱ्यानं तुमचा कंपायलर (कंपाइल करणारा प्रोग्राम), तुमचा प्रोसेसर कधी पाहिलेलाच नसायचा. मग लायब्ररी तुमच्याकडे बरोबर चालते का, हे तुमच्याच मशीनवर ठरणार. म्हणून चाचण्या सोर्स कोडबरोबरच घरपोच यायच्या.

त्याच 1991 सालच्या जीएमपी या लायब्ररीत हे फार स्पष्ट दिसतं. हजारो अंकी संख्यांची गणितं करणारी ही लायब्ररी मोठ्या संख्येचे तुकडे पाडते, आजच्या मशीनवर 64 बिटांचा एकेक. बेरीज तुकड्या-तुकड्यानं होते आणि हातचा पुढच्या तुकड्यात जातो, अगदी शाळेत शिकवतात तसा. कंपायलरनं एका ठिकाणी हा हातचा गमावला, तर प्रोग्राम बंद पडत नाही. तो चुकीचं उत्तर देतो, तेही एखाद्या विशिष्ट संख्येलाच. म्हणून जीएमपीचे कर्ते आवर्जून सांगतात, की मेक चेक केल्याशिवाय वापरू नका; अडचणी बहुतेकदा कंपायलरच्या असतात. ती कमांड दिली की पडद्यावर ‘पास: टी-बीस्वॅप’ अशा ओळी एकाखाली एक उतरत जातात. शेवटी ‘फेल’समोर शून्य दिसलं, की मगच इन्स्टॉल.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या लोकांनी तर ही पायरी सक्तीचीच करून टाकली. लॅरी वॉल यांनी डिसेंबर 1987 मध्ये पर्लची पहिली आवृत्ती दिली, तिच्यातच ‘टी’ नावाच्या फोल्डरमध्ये चाचण्या होत्या. त्या ‘ओके 1’, ‘नॉट ओके 2’ एवढंच छापायच्या. 1995 मध्ये सीपॅन हे पर्ल मॉड्यूलचं भांडार उभं राहिलं, आणि त्याच्या इन्स्टॉलरनं रीतच पाडली: चाचणी नापास, तर मॉड्यूल बसणार नाही, तुम्ही मुद्दाम जबरदस्ती केली तरच. इतका प्रामाणिक इन्स्टॉलर नंतर फारसा कुणी बनवला नाही, असं माझं मत आहे.

पायथॉनची वाट वेगळी निघाली. 2006 मध्ये नमपायची 1.0 आवृत्ती आली तेव्हा सोर्समधून बसवायला सी कंपायलर लागायचा, वेगवान मॅट्रिक्स-गणितासाठी ब्लास आणि लापॅक या लायब्ररी जोडाव्या लागायच्या, सायपाय या विज्ञानाच्या लायब्ररीला फोरट्रान भाषेचा कंपायलरही. विंडोजवर विद्यार्थ्यांचा जीव यात मेटाकुटीला यायचा. 2013 मध्ये व्हील हा साचा मंजूर झाला: आधीच कंपाइल केलेली झिप फाइल, फक्त उलगडायची. 2016 पासून लिनक्ससाठीही तशी सोय झाली. फार मोठं काम होतं ते. पण त्याबरोबर चाचणी तुमच्या मशीनवरून उठून प्रकल्पाच्या बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे जिथे फाइली आधीच कंपाइल होतात तिथे, गेली.

त्याची किंमत 2020 मध्ये दिसली. विंडोज 10 च्या ‘2004’ या क्रमांकाच्या आवृत्तीत (हे साल नव्हे), भागाकाराची बाकी काढणारं ‘एफमॉड’ हे फंक्शन प्रोसेसरची दशांश गणिताची अवस्था बिघडवून ठेवू लागलं. पुढचं ओपनब्लासचं (नमपाय वापरत असलेल्या ब्लासच्या एका रूपाचं) गणित त्यावर कोसळायचं. नमपायचा कोड बरोबर होता. बिघाड खालच्या सिस्टिममध्ये होता. नोव्हेंबरमध्ये आलेली 1.19.4 आवृत्ती मग अशा मशीनवर इम्पोर्ट होतानाच, म्हणजे प्रोग्राममध्ये घेतली जातानाच, थांबू लागली. ती 13 बाय 13 चा एक मॅट्रिक्स (संख्यांचा चौकोनी तक्ता) घ्यायची, त्याच्या प्रत्येक संख्येची 17 नं भागून बाकी काढायची आणि आयगेनव्हॅल्यू, म्हणजे त्या मॅट्रिक्सच्या खास संख्या, काढून पाहायची. गणित फसलं, तर पुढे जायचीच नाही.

याहून साधी एक तपासणी नमपायमध्ये आहे: [1, 1] चा स्वतःशीच डॉट गुणाकार (1×1 + 1×1) 2 येतो का, हे इम्पोर्ट करताना पाहिलं जातं. मेक चेकचा एवढासा अंश आपोआप चालतो. बाकीच्यासाठी पायटेस्ट आणि हायपॉथिसिस या चाचण्यांच्या लायब्ररी आधी बसवायच्या, मग पायथॉनमध्ये ‘नमपाय डॉट टेस्ट’ हे फंक्शन चालवायचं. पडद्यावर ठिपके भरत जातात, प्रत्येक ठिपका म्हणजे पास झालेली एक चाचणी, आणि मध्येच ‘एफ’ आलाच तर तो तुमच्या मशीनचा असतो.