ताडपत्रीने पाऊस अडतो, दमटपणा नाही

"गिनीपिगचा पिंजरा बाल्कनीत ठेवा, चारी बाजूंनी ताडपत्री बांधा, पावसाळा आरामात निघतो." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पाणी आत येऊ नये, हे त्यातलं बरोबरच. पण मुंबईत पावसाच्या थेंबांपेक्षा जास्त त्रास कोंडलेल्या हवेचा.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांकडचा. त्याला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवतं. घाम गाळून अंग थंड करणं त्याला जमत नाही, त्यामुळे तिशीच्या आसपास उष्माघाताची भीती असते. ताडपत्री आवळली की वारा बंद. लघवी वाळत नाही, तिचा अमोनिया तळाशी साचतो आणि याचं नाक तिथेच, जमिनीपासून दोन बोटांवर! श्वासाचे आजार, ओल्या तळामुळे तळपायांना जखमा, गवताला बुरशी, सगळ्याला आमंत्रण.

पडताळायचं तर भाजलेला पापड पिंजऱ्यात छताला बांधा (तोंड पोहोचणार नाही असा), दुसरा घरात टांगा. दोन तासांनी दोन्ही मोडून बघा. आतला आधी मऊ पडला, तर उत्तर मिळालं. दुपारी तीनला आत थर्मामीटरही ठेवा.

मग करायचं काय? पुढे आलेलं उतरतं छप्पर, लादीपासून वीतभर उंच तळ, पावसाचा मारा येतो तेवढीच बाजू बंद, बाकी जाळी. मे महिन्यात मात्र सावलीतही पारा ३३ गाठतो; तेव्हा पिंजरा सरळ घरात, पंख्याच्या खोलीत घ्या.