जुन्या गोव्याच्या फेस्ताला आमच्या गाडीने येणाऱ्यांसाठी

३ डिसेंबरचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताचं, बुकिंग सुरू झालं की सावंतवाडीत आमच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "शव बघायला मिळणार ना?" म्हणून आधीच छापून देतो. नाही मिळणार.

फेस्त दरवर्षी असतं, संतांचं शवप्रदर्शन दहा वर्षांनी. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. तेव्हा अवशेष बॉम जेझू चर्चमधून समोरच्या सी कॅथेड्रलमध्ये नेले होते. हाच क्रम राहिला तर पुढचं २०३४ साली. एरवी, अगदी फेस्तालाही, सायबाची (गोव्यात झेवियरना सायब म्हणतात) पेटी बॉम जेझूमध्ये वेदीच्या उजवीकडे, संगमरवरी चौथऱ्यावर उंच असते आणि दर्शन खालूनच घ्यायचं. चौथरा टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, १६९८ मध्ये बसवला. चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली. तेवढीच नीट पाहिली तरी रांगेचं चीज होतं.

पण "थोड्या वेळाने खाली आणतील" म्हणून काही जण तिथेच रेंगाळतात, नाहीतर पुन्हा रांगेत शिरतात. बाहेर अख्खी गाडी ताटकळते, आणि परतताना म्हापशाच्या वाहतुकीत सगळेच अडकतात. दर्शन एकदाच घ्या, मग मंडपात मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, बसा. फ्रान्सिस झेवियर वारले तो दिवस ३ डिसेंबर १५५२. फेस्त त्या दिवसाचं आहे, पेटी उघडण्याचं नाही.

गाडी पहाटे तीनलाच का, ही तक्रारही नेहमीची. उजाडल्यावर निघालं तर पार्किंग लांब मिळतं आणि म्हाताऱ्या माणसांची चाल वाढते. त्याच फेरीत मंगेशी आणि मिरामार करा, असा आग्रहही होतो. करणारे करतात. आम्ही त्या दिवशी फक्त फेस्त करतो, म्हणून आमचे प्रवासी रात्री जेवायला घरी असतात.

घरात आजी-आजोबा असतील तर २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, असते. त्यातला आडवार निवडा. गर्दी कमी आणि आमचं भाडंही कमी. दहा जण जमले तर छोटी गाडी दारातून नेतो.

खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. जत्रेतलं खाजं हवं तेवढं घ्या, डिकीत जागा ठेवलेली असते. परतीची वेळ तिकिटावर आहे. त्यानंतर पंधरा मिनिटं थांबतो, सोळावं नाही.