डीप टनेल तर खोदला, पण पाणी खाली उतरवायचं कसं? ड्रॉप शाफ्टची पार्श्वभूमी

शिकागोच्या डीप टनेलबद्दल, म्हणजे गटारात न मावणारं पाणी साठवायला जमिनीखाली खोल खोदलेल्या बोगद्यांबद्दल, सगळे लांबीच सांगतात, जवळपास 175 किमी, काही ठिकाणी व्यास 10 मीटर वगैरे. पण माझ्या मते खरा कस लागला तो ड्रॉप शाफ्टमध्ये, म्हणजे वरच्या गटारातलं पाणी टनेलमध्ये उतरवणाऱ्या उभ्या विहिरींमध्ये, आणि त्यावर फारसं कुणी लिहीतच नाही.

जुन्या शिकागोत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून जातं. जोराचा पाऊस झाला की मैलापाणी नदीत, लोकांच्या बेसमेंटमध्ये, आणि फारच झालं तर ज्याचं पाणी शहर पितं त्या लेक मिशिगनमध्येही जायचं. म्हणून 1972 मध्ये टार्प (टनेल अँड रिझर्व्हॉयर प्लॅन) ही योजना ठरली, 1975 ला काम सुरू झालं, जास्तीचं पाणी 45 ते 90 मीटर खाली खडकातल्या टनेलमध्ये घ्यायचं आणि पाऊस ओसरला की पंपाने वर काढून शुद्ध करायचं.

आता 60 मीटरवरून पाणी नुसतं सोडलं तर, घर्षण धरलं नाही तर, तळाशी वेग ताशी 120 किमीच्या घरात जातो. तळ झिजतो तो वेगळाच, पण त्याहून मोठी भानगड हवेची, कारण पडणारं पाणी सोबत भरपूर हवा ओढून नेतं, ती टनेलच्या छताला साठते आणि टनेल भरत आला की मिळेल त्या शाफ्टमधून पाण्यासकट उसळून वर येते. मिनियापोलिसला आय-35 डब्ल्यू हायवेखालच्या टनेलमधून असे फवारे रस्त्यावर उडालेत. म्हणून शिकागोसाठी मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स लॅबमध्ये मॉडेलं करून शाफ्ट ठरवले गेले, त्यातल्या एका प्रकारात मधोमध फटी असलेली भिंत, एका बाजूने पाणी खाली आणि दुसरीकडून हवा वर.

दुसरा रस्ता व्होर्टेक्सचा, म्हणजे भोवऱ्याचा. इटलीत ड्रिओलीने 1947 मध्येच त्यावर काम केलं होतं. पाणी कडेने तिरकं आत घ्यायचं, मग ते बेसिनमधल्या पाण्यासारखं गरगरत भिंतीला चिकटून उतरतं, घर्षणात जोर जिरतो आणि मधली जागा हवेला मोकळी राहते. मिलवॉकीच्या टनेलसाठी 1983 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या सुभाष जैन आणि केनेडी यांनी याचाच अभ्यास केला. लंडनच्या टाइडवे या सांडपाण्याच्या टनेलमध्येही व्होर्टेक्सच आहे.

क्लीव्हलंडने बॅफल ड्रॉप वापरला, शाफ्टमध्ये आलटून पालटून स्लॅब, पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं आणि मधल्या भिंतीपलीकडचा अर्धा शाफ्ट मोकळा राहतो, म्हणजे मेंटेनन्सवाल्यांना तिथूनच सामान घेऊन खाली जाता येतं.