वॉर्डाच्या दारातली वीट

आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी इंदूरच्या एका रुग्णालयात मी तीन रात्री काढल्या. वॉर्डाच्या तोंडाशी जडशीळ दुपाखी दार होतं, वर ते आपोआप मिटवणारा लोखंडी क्लोजर, आणि खाली, ते मिटू नये म्हणून, एक लाल वीट. ट्रॉलीची चाकं घासून घासून तिची एक कड गोल झाली होती. येणारे-जाणारे ते दार कधीच विसरले होते. मला मात्र झोप येईना, कारण आग लागली तर त्या वॉर्डाची सगळी भिस्त त्याच दारावर होती.

आगीत माणसं बहुतेकदा धुराने गुदमरून दगावतात, ज्वाळा नंतर पोहोचतात. 2011 साली कोलकात्याच्या एका रुग्णालयात आग लागली ती तळघरात. वरच्या मजल्यांवर झोपलेल्यांना धुराने गाठलं आणि सुमारे 90 जण गेले. 300 अंश सेल्सियस तापलेली हवा खोलीतल्या हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाची असते. ती वर धावणारच. मग जिना, लिफ्टची विहीर, एसीचे डक्ट या सगळ्यांची धुराडी होतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि बघता बघता माणसाला दिशा सुचेनाशी होते.

शाळेत घंटा वाजली की मुलं जिन्याने खाली पळतात. आत्या कशी पळणार? पोटाला टाके, हाताला सलाइन. शेजारच्या आजींना तर ऑक्सिजन. म्हणून रुग्णालयात पहिली सुटका खाली नसते, आडवी असते. आगरोधक भिंतींनी मजल्याचे भाग पाडायचे. एका भागात आग लागली की रुग्णाला खाटेसकट शेजारच्या भागात ढकलत न्यायचं आणि मधलं दार मिटायचं. त्या दाराने मिळालेल्या वेळात रॅम्पने खाली उतरवायचं. कॉरिडॉर 2.4 मीटर रुंद ठेवतात तो दोन खाटा एकमेकींशेजारून जाव्यात म्हणून. तिथे कपाटं आणि जादा गाद्या रचल्या की ती रुंदी कागदावरच उरते.

नवजात बाळांच्या विभागात हे सगळं आणखी नाजूक होतं. वॉर्मर, व्हेंटिलेटर, एसी अहोरात्र चालू, वायरिंगवर भार, आणि हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या 21 टक्क्यांवरून थोडा जरी चढला तरी कापूस-कापड भराभर पेट घेतं. आपल्या इंदूरच्या एमवाय रुग्णालयात 2017 च्या नोव्हेंबरात असा विभाग पेटला, पण बाळांना वेळेत हलवता आलं. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला मध्यरात्रीनंतर अशाच आगीत 10 बाळं गेली. ती बातमी वाचून त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी विटेचं सिस्टरांना बोलून दाखवलं. मराठीच होत्या, रामबागेतल्या. “अहो, दिवसातून शंभरदा ट्रॉली नेतो आम्ही. दर वेळी ते दार रेटायचं कुणी?” त्यांचं खरंच होतं, म्हणूनच नुसतं “दार बंद ठेवा” असं लिहून भागत नाही. यावर सोपा उपाय आहे: भिंतीवर विजेचं चुंबक बसवायचं. ते दार उघडं धरून ठेवतं. अलार्म वाजला किंवा वीज गेली की चुंबकाची पकड सुटते आणि क्लोजर दार मिटवतो.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. “सुपरिंटेंडेंट साहेबांना सांगते. तोवर रात्रपाळीला तरी वीट काढत जाऊ.”

त्या रात्री दहाच्या सुमारास दार मिटल्याचा आवाज आला.