ऊन पानाला भोकं पाडत नाही

सोलापुरात मे महिन्यात डाळिंबाची पानं मलूल झाली की कुणीतरी म्हणतंच, "उन्हानं भोकं पडली, त्यातनं पाणी चाललंय." पाणी जातं खरं, पण ते पर्णरंध्रांतनं, म्हणजे पानावरच्या उघडमीट होणाऱ्या बारीक तोंडांतनं; आणि ती पान कोवळं असतानाच घडलेली असतात. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस रोपट्यात 'स्पीचलेस' जनुक ही घडण सुरू करतं. ते बिघडलं तर पानाला ही 'तोंडं' फुटतच नाहीत, म्हणून नाव 'अबोल'! पुढचं काम 'म्यूट' आणि 'फामा' ही जनुकं करतात. रंध्रं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ईपीएफ प्रथिनं शेजारच्या पेशींना रोखतात. पाणी तुटलं की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक उघडी रंध्रं मिटवतं, शिवाय वाढत्या पानांत नवी रंध्रं कमीच घडू देतं. म्हणजे समजुतीच्या नेमकं उलट.