सेप्टिक टँक भरून वाहिल्यावरच उपसायचा, हे चुकीचंय

आमच्याकडे लहानपणापासून ऐकतोय, टँक चांगला बांधला असेल तर वीस वर्षं बघायलाच लागत नाही. आणि नगरपालिका ठराविक वर्षांनी टँक उपसायची गाडी पाठवते, त्यासाठी कर लावते म्हटलं की लगेच "पैसे उकळायचे धंदे".

मुळात टँक पाण्याने कायम भरलेलाच असतो हो, जेवढं आत येतं तेवढं दुसऱ्या पाईपने बाहेर जातं. भरतो तो तळाचा गाळ. लांब बांबूला जुना पंचा गुंडाळून तळापर्यंत घाला, थोड्या वेळाने हळू वर काढा, काळा चिकट भाग किती उंच आलाय ते दिसतं. (झाकण उघडं ठेवून बाजूला थांबा, आत वाकू नका, त्या गॅसने माणसं मेलीत.) गाळ एक तृतीयांशावर गेला की घाण तशीच शोषखड्ड्यात, गटारात, पुढे नदीत. म्हणून दोन-तीन वर्षांनी उपसा हवाच.

वाई आणि सिन्नरमध्ये २०१८ पासून हेच सुरू झालं, दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक घर, आणि गाडी आली की वेगळे पैसे नाहीत, खर्च स्वच्छता करातून. म्हणजे एकदम हजारो रुपये काढण्यापेक्षा वर्षाला थोडे, आणि गाळ कुठल्यातरी ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. वाईत घाटाखालीच कृष्णा आहे, तिथे हे किती महत्त्वाचं ते सांगायला नको.

तुमच्या गावात असा कर आला तर फक्त एवढं विचारा, गाडी माझ्याकडे कधी येणार आणि गाळ कुठे रिकामा करणार.