सात रिकाम्या ओळी: सायकल शर्यतींच्या विक्रमांमागचा इतिहास

2025 च्या जुलैमध्ये तादेय पोगाचारने टूर द फ्रान्स ही तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणारी सायकल शर्यत चौथ्यांदा जिंकली आणि पाच विजेतेपदांचा विक्रम पुन्हा चर्चेत आला. जाक आंकेतील, एडी मर्क्स, बर्नार इनो आणि मिगेल इंदुराईन अशा चौघांच्या नावावर तो आहे. 2005 ते 2012 या काळात ही शर्यत पाहणाऱ्यांना मात्र वेगळाच आकडा पाठ होता. तेव्हा विक्रम लान्स आर्मस्ट्राँगच्या सात विजेतेपदांचा होता. रस्त्यावर तो कोणीही मोडला नाही. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये उत्तेजकांच्या प्रकरणामुळे तो यादीतून काढण्यात आला, त्या जागी दुसरं कोणाचंही नाव लिहायचं नाही असं ठरलं आणि जुना पाचचा आकडा पुन्हा विक्रम झाला. सायकलिंगच्या आकडेवारीत इतका खोलवर परिणाम करणारा दुसरा निर्णय नाही, आणि तो अजूनही नीट पचलेला नाही.

निकाल टेबलावर बदलण्याची प्रथा मात्र शर्यतीइतकीच जुनी आहे. 1904 ची, म्हणजे दुसरीच टूर संपल्यावर चारेक महिन्यांनी एकूण क्रमवारीतले पहिले चौघेही बाद ठरले. त्यांत आदल्या वर्षीचा विजेता मॉरिस गारँही होता. पाचवा आलेला आंरी कॉर्ने विजेता झाला. शर्यत संपली तेव्हा त्याला विसावं वर्ष पूर्ण व्हायचं होतं. टूरचा सर्वांत तरुण विजेता हा त्याचा विक्रम आजही कायम आहे. चौघांवर नेमकं काय सिद्ध झालं हे मात्र कोणालाच तपासता येत नाही. 1940 मध्ये जर्मन फौजा येण्याआधी शर्यतीचं दप्तर दक्षिणेकडे हलवलं गेलं आणि ते पुन्हा कोणाला दिसलं नाही. पहिल्या दशकांची आकडेवारी वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं. शिवाय 1905 ते 1912 या आठ शर्यतींचा निकाल वेळेवर नव्हे, तर गुणांवर लागला. त्यामुळे विजेता किती मिनिटांनी जिंकला याच्या तक्त्यात ती आठ वर्षं बसतच नाहीत.

1904 ने एक पायंडा पाडला: वरचा बाद झाला की खालचे एकेक पायरी वर. 1949 च्या पॅरिस-रुबे या एका दिवसाच्या शर्यतीत याहून वेगळा तोडगा निघाला. आंद्रे माए आणि त्याचे दोन सोबती सर्वांच्या पुढे होते. शर्यत जिथे संपते त्या रुबेच्या वेलोड्रोमपाशी, म्हणजे सायकलच्या मैदानापाशी, त्यांना चुकीच्या दिशेला पाठवण्यात आलं. भिंतीला वळसा घालून पत्रकारांच्या दारातून ते आत शिरले आणि तिघांतला स्प्रिंट माएने जिंकला. मागून आलेल्या घोळक्यात सेर्से कोप्पी पहिला आला. ठरलेला मार्ग पूर्ण करणारा पहिला मीच, असा दावा त्याच्या बाजूने झाला. थोरला भाऊ फाउस्तो त्या काळचा सर्वांत मोठा सायकलपटू होता, त्यामुळे त्या दाव्याला वजन आलं. निकाल कधी इकडे, कधी तिकडे झुकत राहिला आणि शेवटी नोव्हेंबरमध्ये दोघांनाही विजेता ठरवण्यात आलं. आजही त्या वर्षासमोर दोन नावं आहेत. माझ्या मते माएवर तो अन्याय होता. वाट त्याची चुकली नव्हती, त्याला चुकीची वाट दाखवली गेली होती.

यानंतरची मोठी गुंतागुंत मर्क्सच्या काळातली आहे. एकूण क्रमवारीत आघाडीवर असलेल्याला मिळणारी पिवळी जर्सी सर्वांत जास्त दिवस त्याच्या अंगावर होती याबद्दल वाद नाही, पण किती दिवस याची दोन उत्तरं मिळतात: 96 आणि 111. दोन्ही बरोबर आहेत. त्या काळात एकाच दिवशी दोन-दोन टप्पे होत, सकाळी एका गावाहून दुसऱ्या गावी आणि दुपारी टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाशी स्पर्धा. दिवस मोजले तर 96 आणि आघाडीवर असताना पार पडलेले टप्पे मोजले तर 111. इनोचेही असेच दोन आकडे आहेत, 75 आणि 79. एका तक्त्यातला पहिला आकडा आणि दुसऱ्यातला दुसरा उचलून तुलना करणारे लेख दर जुलैत येतात.

हे अर्धे टप्पे सायकलपटूंना मुळीच आवडत नसत. आयोजक शहरांकडून दुप्पट पैसे येत, पण पहाटे उठणं आणि दोनदा ताकद लावणं सायकलपटूंच्या वाट्याला येई. 1978 मध्ये व्हालाँस दाजाँ या गावात सगळा जथा अंतिम रेषेच्या अलीकडे सायकलवरून उतरला आणि चालत रेषेपर्यंत गेला. इनो सर्वांत पुढे होता. तो टप्पा रद्द झाला, त्याला विजेता नाही. 1995 मध्ये एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी तार्ब ते पो हा टप्पा सगळ्यांनी शर्यत न करता एकत्र पूर्ण केला. 1998 मध्ये उत्तेजकांच्या शोधात पडलेल्या पोलिसांच्या छाप्यांच्या निषेधात आणखी एक टप्पा रद्द झाला. म्हणजे एखाद्या टप्प्यासमोरची ओळ रिकामी असणं सायकलिंगला नवीन नव्हतं. अख्ख्या शर्यतीची ओळ रिकामी राहणं मात्र तोवर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

टप्पे जिंकण्याचा मर्क्सचा 34 चा विक्रम मार्क कॅव्हेंडिशने 2021 मध्ये कार्कासोनला गाठला आणि 3 जुलै 2024 रोजी सां-व्हुल्बासला मोडला. त्या वेळी दोघांची तुलना भरपूर झाली. एकाने डोंगर, टाइम ट्रायल, स्प्रिंट सगळं जिंकलं आणि दुसऱ्याचे विजय स्प्रिंटमधले, हे सर्वांनी सांगितलं. 1969 चा उल्लेख फारसा कोणी केला नाही. त्या वर्षी जिरो द'इतालिया या इटलीच्या मोठ्या शर्यतीत आघाडीवर असताना सावोना इथे मर्क्सच्या चाचणीत उत्तेजक आढळल्याचं जाहीर झालं आणि त्याला शर्यतीतून काढण्यात आलं. त्याने आरोप तेव्हाही नाकारला आणि नंतरही. महिनाभराची बंदी काही दिवसांतच उठवली गेली, तो टूरला उतरला, टूर जिंकली आणि सहा टप्पेही जिंकले. बंदी टिकली असती तर 34 मधले ते सहा टप्पे नसते. दुसरीकडे 1973 ची लोम्बार्दिया शर्यत त्याने रस्त्यावर जिंकली, पण चाचणीनंतर ती फेलिचे जिमोंदीच्या नावे झाली. एकाच माणसाच्या खात्यात दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्ही निर्णय आज आकड्यांच्या पोटात गडप झाले आहेत.

आता मुख्य गोष्ट. 2006 मध्ये फ्लॉइड लँडिस जिंकला आणि काही दिवसांतच त्याच्या चाचणीत उत्तेजक आढळलं. प्रकरण वर्षभर चाललं आणि 2007 च्या शरद ऋतूत विजेतेपद दुसऱ्या आलेल्या ऑस्कर पेरेइरोकडे गेलं. 2010 मध्ये आल्बेर्तो कॉन्तादोरने अँडी श्लेकवर 39 सेकंदांनी मात केली. पोर द बालेसच्या चढावर श्लेकची साखळी उतरली तेव्हा कॉन्तादोर न थांबता पुढे गेला आणि त्या दिवशी मिळालेली आघाडी नेमकी 39 सेकंदांची होती. पुढे त्याच्या चाचणीत क्लेनब्युटेरॉल या उत्तेजकाचा अंश सापडला, 2012 च्या फेब्रुवारीत क्रीडा लवादाने विजेतेपद काढलं आणि मे महिन्यात लक्झेंबर्गमधल्या एका छोट्या समारंभात श्लेकला पिवळी जर्सी देण्यात आली. मधल्या काळात जिंकलेली 2011 ची जिरोही कॉन्तादोरने गमावली. तो स्वतः आपल्या खात्यात नऊ मोठ्या शर्यती (टूर, जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा) धरतो. यादीत सात आहेत.

म्हणजे 2012 च्या ऑक्टोबरपर्यंत पद्धत 1904 चीच होती: पहिला गेला की दुसरा पहिला. मग लान्स आर्मस्ट्राँगचा निकाल लागला. अमेरिकेतल्या उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या सविस्तर अहवालानंतर 22 ऑक्टोबरला सायकलिंगच्या जागतिक संघटनेने 1 ऑगस्ट 1998 पासूनचे त्याचे सगळे निकाल रद्द केले. 1999 ते 2005 ची सात विजेतेपदं, टूरचे 20 वैयक्तिक टप्पे आणि पिवळ्या जर्सीतले 83 दिवस गेले. 1993 आणि 1995 मध्ये जिंकलेले दोन टप्पे तेवढे राहिले, कारण ते त्या तारखेआधीचे होते. चार दिवसांनी व्यवस्थापन समितीची बैठक झाली आणि तिने ठरवलं की या जागा कोणालाही द्यायच्या नाहीत, बाकीच्यांचे क्रमांकही वर सरकवायचे नाहीत. दुसरा दुसराच राहील. प्रामाणिकपणे धावलेल्यांना हे कठोर वाटेल, पण या जागा मिळवण्यात त्यांना फारसा मान नाही, अशी समितीची भूमिका होती.

कारण समजायला तेव्हाचे दुसरे क्रमांक पाहावे लागतात. 1999 मधला आलेक्स झुले आदल्या वर्षीच्या उत्तेजकांच्या प्रकरणात कबुली देऊन बसला होता. 2000, 2001 आणि 2003 मध्ये दुसरा होता यान उलरिख. 2012 च्या फेब्रुवारीतच त्याचे मे 2005 पासूनचे निकाल रद्द झाले होते, पण त्याआधीचे शाबूत होते. जुनी पद्धत लावली असती तर 1997 धरून तो चार वेळचा विजेता झाला असता. 2005 मधला इव्हान बास्सो नंतर बंदी भोगून आला होता. अमेरिकन अहवालानुसार त्या सात वर्षांत पहिल्या तिघांत आलेल्या 21 जागांपैकी 20 जागांवरचे सायकलपटू उत्तेजकांशी जोडले गेले होते. अपवाद एकच, 1999 मधला तिसरा, फर्नांदो एस्कार्तीन. अशा परिस्थितीत ओळ रिकामी ठेवणं हे मला त्यातल्या त्यात सचोटीचं वाटतं. विजेता माहीत नसेल तर माहीत असल्यासारखं लिहू नये.

अडचण मर्यादेची आहे. हाच नियम 1998 ते 2005 या काळातल्या, उत्तेजकांमुळे रद्द होणाऱ्या सर्व निकालांना लावायचं समितीने ठरवलं. 2006 ला मात्र नाव आहे, 2010 लाही आहे. 2005 आणि 2006 मध्ये सायकलिंग असं काय बदललं की एका वर्षाचा दुसरा क्रमांक विजेता होण्यास लायक आणि आदल्या वर्षाचा नाही? याचं उत्तर मिळालेलं नाही. 2006 चं प्रकरण आधीच मिटलं होतं, एवढंच खरं कारण दिसतं.

टप्प्यांचं दुखणं तर फार थोड्यांनी मांडलं. 22 जुलै 2004 रोजी ले ग्राँ-बोर्नांला आंद्रेआस क्लोडेन शेवटच्या काही मीटरपर्यंत पुढे होता. आर्मस्ट्राँगने त्याला रेषेपाशी गाठून टप्पा जिंकला. त्या टप्प्यासमोर आज नाव नाही. एका दिवसाची शर्यत आणि तीन आठवड्यांची शर्यत यांना एकच माप लावायचं का, यावर वेगळा विचार व्हायला हवा होता.

या आधीचा काळही धड सुटलेला नाही. 1996 चा विजेता ब्यार्ने रीसने 2007 मध्ये पत्रकार परिषद घेऊन कबुली दिली. आयोजकांनी त्याचं नाव यादीतून काढलं आणि 2008 मध्ये टीप जोडून परत घातलं, कारण कारवाईची आठ वर्षांची मुदत उलटून गेली होती. 2015 पासून ती मुदत दहा वर्षं झाली. 1998 चे नमुने 2004 मध्ये संशोधनासाठी पुन्हा तपासले गेले आणि 2013 च्या जुलैमध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून नावं बाहेर आली. त्यांत त्या वर्षीचा विजेता मार्को पांतानी आणि उपविजेता उलरिख दोघेही होते. संशोधनासाठीच्या चाचणीवरून शिक्षा देता येत नाही, म्हणून 1998 चा निकाल तसाच आहे.

स्पेनमध्ये न्यायालयं मध्ये आली. 2005 ची व्हुएल्टा रॉबेर्तो एरासने जिंकली, ईपीओ हे उत्तेजक सापडल्यावर ती डेनिस मेन्शोव्हला मिळाली. मग एरास नागरी न्यायालयात गेला, प्रक्रियेतल्या त्रुटींमुळे बंदी रद्द झाली आणि डिसेंबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. त्याचं चौथं विजेतेपद परत आलं. म्हणजे 2005 सालच्या टूरला विजेता नाही, पण व्हुएल्टाला आहे आणि दोन्ही निर्णयांत दोन महिन्यांचंही अंतर नाही. प्रिमोझ रोग्लिचने 2024 मध्ये चौथी व्हुएल्टा जिंकली तेव्हा त्याने विक्रमाची बरोबरी केली असं लिहिलं गेलं. न्यायालयाचा निकाल उलटा लागला असता तर तो एकटाच विक्रमवीर असता.

2011 ची व्हुएल्टा ठरवून दिलेल्या काळाबाहेरची होती, त्यामुळे तिथे जुनी पद्धत परतली. ह्वान होसे कोबोने ती क्रिस फ्रूमवर 13 सेकंदांनी जिंकली होती. जैविक पासपोर्टमधल्या, म्हणजे चाचण्यांच्या दीर्घकालीन नोंदींतल्या, विसंगतींवरून 2019 च्या जूनमध्ये कोबोवर बंदी जाहीर झाली. आदल्याच दिवशी फ्रूमचा भीषण अपघात झाला होता. जुलैमध्ये शर्यत अधिकृतपणे त्याच्या नावे झाली. तोवर मोठी शर्यत जिंकणारा पहिला ब्रिटिश म्हणून ब्रॅडली विगिन्सचं नाव घेतलं जाई, 2012 च्या टूरसाठी. तो मान 2019 मध्ये कागदावर फ्रूमकडे गेला.

बाकीच्या तक्त्यांत या रिकाम्या ओळींचे पडसाद उमटतातच. 2005 च्या टूरचा सरासरी वेग ताशी 41.6 किलोमीटरच्या वर होता. सर्वांत वेगवान टूर म्हणून त्या शर्यतीचा उल्लेख बरीच वर्षं अडखळत होत राहिला, कारण तो वेग ज्याचा होता त्याचा निकालच रद्द झाला होता. 2022 मध्ये सरासरी 42 च्या पुढे गेली आणि तो प्रश्न मागे पडला. घाटांच्या वेळांचं तसं झालेलं नाही. आल्प द्युएझच्या 21 वळणांसाठी पांतानीचा 1997 चा 37 मिनिटं 35 सेकंद हा आकडा सांगितला जातो, पण चढ कुठून मोजायचा, 13.8 किलोमीटरवरून की त्याहून खालून, यावर मोजणाऱ्यांचं कधीच एकमत नव्हतं. काही जण 1995 मधली त्याचीच वेळ अधिक चांगली धरतात.

आकडेवारी ठेवणाऱ्यांनी आपापले मार्ग काढले आहेत. कुणी आर्मस्ट्राँगचं नाव खोडलेल्या रेघेसह ठेवतं, कुणी रेघ मारून जागा मोकळी सोडतं, कुणी खाली टीप देतं. आयोजकांच्या पुस्तिकेत 1999 ते 2005 च्या विजेत्यांचा रकाना मोकळा आहे, 1996 समोर रीस आहे आणि 1904 समोर कॉर्ने.